पाण्याखालचे यंत्र : प्रस्तावना

चंद्रपूर आणि गडचिरोली म्हटले की उरलेल्या महाराष्ट्राला वाघ, सागवान, बांबू आणि तेंदूपत्ता आठवतो. नदी कुणाला आठवत नाही. प्रत्यक्षात जून संपता संपता इथला कारभार नद्यांच्या हाती जातो. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ भेटून प्राणहिता होतात, प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. पूर्वेकडून आलेली इंद्रावती भामरागडला पर्लकोटा आणि पामुलगौतम यांना सोबत घेते आणि सोमनूरपाशी गोदावरीत उतरते. या मोठ्या नद्यांच्या अंगाखांद्यावर गाढवी, खोब्रागडी, सती, कठाणी, दिना, उमा, अंधारी, इरई अशा लहान नद्या आहेत. उन्हाळ्यात यांतल्या कित्येकींच्या पात्रातून बैलगाडी जाते. ऑगस्टात त्याच जागी पुलाचे कठडेही दिसत नाहीत.

2020 च्या ऑगस्टअखेर गोसेखुर्द धरणाचे तेहतीसही दरवाजे उघडले, तेव्हा ब्रह्मपुरी आणि देसाईगंज या दोन्ही तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. वैनगंगेच्या बेटावरचे लाडज गाव चोहोबाजूंनी वेढले गेले आणि तिथल्या लोकांना काढायला बाहेरून पथके आणावी लागली. 2022 च्या जुलैत इरई आणि वर्धा फुगल्या आणि पाणी थेट चंद्रपूर शहराच्या वस्त्यांत आले. त्याच महिन्यात गोदावरीने सिरोंचा तालुक्याला झोडपले. भामरागडचे तर विचारूच नका. पर्लकोटेवरचा जुना ठेंगणा पूल पाण्याखाली गेला की तालुका तुटला, हे तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे, आणि हे एका पावसाळ्यात एकदाच घडते असेही नाही.

अशा वेळी रबरी किंवा फायबरची बोट येते. तिच्या मागच्या फळीला एक मोटर अडकवलेली असते. बचाव पथकातले लोक तिला नुसते ‘ओबीएम’, म्हणजे आउटबोर्ड मोटर, म्हणतात. बोटीचे फोटो निघतात, बोटीत बसलेल्या साहेबांचे निघतात, मोटरीच्या डोक्यावरच्या रंगीत टोपणावर कंपनीचे नाव असते म्हणून तेही दिसते. या पुस्तिकेचा विषय मात्र फोटोत कधीच येत नाही, कारण तो पाण्याखाली असतो: मोटरीचा सर्वांत खालचा भाग, म्हणजे लोअर युनिट. त्यात गिअर असतात, त्याच्या डोक्यावर थंडाव्याचे पाणी ओढणारा पंप असतो आणि शेपटीला पंखा. हा भाग आपल्या हाताने, आपल्या गावात, साध्या पान्यांनी कसा सांभाळायचा एवढेच पुढच्या पानांत सांगितले आहे.

एवढ्याशा विषयाला पुस्तिका कशाला, असे कुणी विचारील. विचारणाऱ्याने भामरागडचे अंतर मोजावे. गडचिरोलीहून ते पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात आहे आणि मोटर बिघडते ती नेमकी रस्ता बंद असताना. नागपूरचा मेकॅनिक फोनवर कितीही भला वागला तरी तो पर्लकोटेच्या अलीकडेच राहणार. त्यातही मोटरीचा वरचा भाग इथल्या माणसाला फारसा परका नाही. कार्ब्युरेटर, प्लग, पेट्रोलमध्ये मिसळायचे टू-स्ट्रोक ऑइल, सुरू करायची दोरी यांत आलापल्ली, अहेरी, वडसा किंवा गोंडपिपरीच्या कोणत्याही मोटारसायकल मिस्त्रीला नवे असे थोडेच आहे. तो अर्ध्या तासात जुळवून घेतो. त्याचा हात थबकतो तो खालच्या डब्यापाशी. तो डबा बंद आहे, पाण्यात राहतो, आणि त्याच्यासारखे दुसरे काही या जिल्ह्यांच्या रस्त्यावर धावत नाही. म्हणून तो कुणी उघडत नाही. म्हणूनच बिघडतो.

खरे तर या यंत्राची मूळ मांडणी शंभर वर्षांहून जुनी आणि बरीच साधी आहे. ओले एव्हिनरूड हा नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबातला कारागीर. तळ्याच्या पलीकडून आइस्क्रीम आणायला तो वल्ही मारत गेला आणि परत येईतो आइस्क्रीम वितळले, त्या रागातून त्याने बोटीला अडकवायची मोटर केली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट किती खरी ते असो. 1909 पासून मिलवॉकी शहरातून त्याच्या मोटरी विकल्या जाऊ लागल्या हे खरे. त्याच्या नावाने निघणाऱ्या मोटरींचे उत्पादन 2020 मध्ये थांबले, पण जी कल्पना त्याने बाजारात रुजवली ती तशीच आहे. वर इंजिन, त्यातून सरळ खाली उतरणारा एक उभा शाफ्ट, तळाशी काटकोनात वळवणारे गिअर आणि आडव्या शाफ्टवर पंखा. आज आपल्याकडे बचावकार्यात येणाऱ्या 25 किंवा 40 अश्वशक्तीच्या मोटरीचे पोट उघडले तर आत हेच दिसते.

थोडे आत शिरून पाहू. उभ्या शाफ्टच्या टोकाला एक लहान गिअर असतो, त्याला पिनियन म्हणतात. त्याच्या पुढे आणि मागे एकेक मोठा गिअर. पिनियन या दोघांनाही सतत फिरवत असतो, एकाला उजवीकडे, दुसऱ्याला डावीकडे. पंख्याचा शाफ्ट दोघांच्या मधून जातो, पण न्यूट्रलमध्ये तो दोघांशीही बांधलेला नसतो. शाफ्टवर सरकणारा एक दातेरी तुकडा असतो. तो पुढच्या गिअरमध्ये अडकला की बोट पुढे जाते, मागच्यात अडकला की मागे. पिनियनपेक्षा मोठ्या गिअरचे दात साधारण दुप्पट असतात, त्यामुळे इंजिनाच्या दोन फेऱ्यांना पंख्याची एक फेरी पडते आणि तेवढा जोर वाढतो.

हे कळले की एक गैरसमज आपोआप गळून पडतो. मोटर जपणारा सज्जन माणूस गिअर हळूच टाकतो. त्याला वाटते आपण यंत्रावर माया करतो आहोत. प्रत्यक्षात त्या दातेरी तुकड्याचे कोपरे फिरत्या गिअरवर कर्रकर्र घासत असतात, झिजून गोल होतात, आणि मग एके दिवशी ऐन धारेत गिअर आपोआप निसटतो. इंजिनाचा वेग अगदी कमी करायचा आणि मग गिअर एका झटक्यात टाकायचा, ही रीत आहे. तेवढीच माया त्याला पुरते.

आता तेल. या डब्यात जे गिअर ऑइल असते ते 25 ते 40 अश्वशक्तीच्या मोटरीला अर्धा लिटरही लागत नाही. इतक्या थोड्या तेलावर सगळे गिअर आणि बेरिंग जगतात. नव्या मोटरीचे तेल पहिल्या दहा तासांनंतर बदलायचे, पुढे दर शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, असे बहुतेक उत्पादक सांगतात. आपल्याकडची बचाव मोटर वर्षभरात शंभर तास क्वचितच चालते, म्हणून तासांचा हिशेब करत बसणारा फसतो. आपल्याला कॅलेंडरच पाहिले पाहिजे: एकदा मे महिन्यात, एकदा पाणी ओसरल्यावर ऑक्टोबरात.

डब्याला दोन स्क्रू असतात, एक तळाशी आणि एक वर, पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्या आसपास. मोटर रात्रभर सरळ उभी ठेवलेली असली पाहिजे, कारण तेलात पाणी शिरले असेल तर ते जड म्हणून तळाला बसते. सकाळी खाली जुना डबा ठेवून आधी फक्त तळाचा स्क्रू किंचित सैल करायचा. वरचा बंद असल्याने तेल भसकन येत नाही, थेंब थेंब येते, आणि पहिले थेंब काय सांगतात ते पाहायचे. स्वच्छ पाण्याचे थेंब आले तर सील गेले. सरळ तेल आले तर वरचा स्क्रू काढून सगळे वाहू द्यायचे. तपकिरी किंवा काळपट तेल आले तर घाबरायचे कारण नाही. दुधाळ आले तर पाणी आणि तेल घुसळले गेले आहे. स्क्रूच्या टोकाला लोहचुंबक असेल तर त्यावर राखाडी मऊ लेप दिसतो, तो झिजेचा नेहमीचा गाळ. तो दोन बोटांत चोळून पाहायचा. बोटाला खडा लागला, चकचकीत कपरा दिसला, तर गिअरचा किंवा बेरिंगचा तुकडा पडला आहे आणि ती मोटर पुरात न्यायची नाही. नाकालाही काम आहे: जळका वास आला तर ती मोटर कधीतरी कमी तेलावर चालली आहे.

नवे तेल भरताना बहुतेक जण वरच्या भोकातून ओततात. तसे केले की आत हवा अडकते, वरून भरल्यासारखे दिसते आणि पोट अर्धे रिकामे राहते. तेल तळाच्या भोकातून पंपाने वर चढवायचे. वरच्या भोकातून बुडबुडे येतात, मग बुडबुड्यांशिवाय तेल येते. तसे ते आले की आधी वरचा स्क्रू घट्ट करायचा आणि त्यानंतर खालचा पंप काढून झटकन स्क्रू लावायचा. क्रम उलटला तर अर्धे तेल जमिनीवर. दोन्ही स्क्रूंचे वायसर दर वेळी नवे. या वायसरची किंमत चहाबिस्किटाएवढी, पण तीच वाचवण्यात आपल्या लोकांना विशेष रस असतो.

तेल कोणते, हा प्रश्न गावात हमखास निघतो. मोटरीच्या पुस्तिकेत लिहिले असेल ते, हे पहिले उत्तर. बहुतेक ठिकाणी 90 नंबरचे हायपॉइड गिअर ऑइल सांगितलेले असते. बोटीसाठी म्हणून मिळणाऱ्या तेलात पाण्याशी झुंजणारी रसायने असतात, ते मिळाले तर उत्तम. ते नसेल आणि उद्या बोट लागणार असेल, तर ट्रॅक्टरच्या दुकानातले चांगल्या कंपनीचे ईपी-90 वेळ निभावते. पाणी ओसरल्यावर ते काढून योग्य तेल भरायचे. इंजिन ऑइल किंवा ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचे तेल मात्र चालणार नाही. दिसायला सारखे असते, एवढेच साम्य.

पाणी आत शिरते कुठून? कोकणातल्या मच्छीमाराला हे विचारले तर तो खाऱ्या पाण्याने गंजलेल्या स्क्रूंची तक्रार करील. आपल्या नद्या गोड्या पाण्याच्या, तेव्हा तो जाच कमी. आपला शत्रू आहे नायलॉनचे जाळे. वैनगंगेत आणि प्राणहितेत ढिवर, भोई, केवट समाजांची जाळी लागलेली असतात, आणि पूर आला की ती तुटून वाहत येतात. तुटका धागा पंख्याला गुंडाळला जातो, फिरता फिरता पंख्याच्या मागे सरकतो आणि शाफ्टभोवती आवळत सीलपर्यंत पोचतो. बाहेरून काहीच दिसत नाही. बोट चालते, माणसे काढली जातात, सगळे टाळ्या वाजवतात. आत मात्र त्या धाग्याने सीलची रबरी कड कापलेली असते आणि पुढच्या प्रत्येक फेरीत थोडे थोडे पाणी तेलात जात राहते. म्हणून जाळ्यातून गेलेल्या दिवशी संध्याकाळी पंखा काढायचाच. आधी मोटर चुकून सुरू होणार नाही याची सोय करायची: सुरक्षा-दोरीची क्लिप काढायची, प्लगच्या वायरी उपटून ठेवायच्या. पाते आणि वरची पट्टी यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवायचा, कॉटर पिन सरळ करून काढायची, नट, वायसर, मग पंखा, आणि त्याच्या मागचा जाड वायसर. हे सगळे ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने कापडावर मांडून ठेवायचे. शाफ्टच्या खाचांना पाण्याने न धुणारे ग्रीस लावून पुन्हा बसवायचे. कॉटर पिन नवी घालायची. पंधरा मिनिटांचे काम आहे.

सील खरेच गेले का, हे पक्के करायची युक्ती इथल्या कोणत्याही सायकलवाल्याला कळेल. तेल काढलेल्या डब्यात वरच्या भोकातून दाबमापक असलेल्या हातपंपाने थोडी हवा भरायची आणि पंक्चर शोधताना ट्यूब बुडवतात तसे लोअर युनिट ड्रममधल्या पाण्यात बुडवायचे. बुडबुडा जिथून येईल तिथे वाट आहे. दाब साधारण दहा पौंडांच्या वर नेऊ नये. ट्रकच्या टायरचा कॉम्प्रेसर लावणारा उत्साही माणूस चांगली सीलेही उडवून देतो.

या सगळ्याहून जास्त मोटरी ज्याने बंद पाडल्या त्या तुकड्याकडे आता वळू. लोअर युनिटच्या डोक्यावर, उभ्या शाफ्टभोवती, रबराचे एक लहान चक्र असते, इम्पेलर. त्याच्या वाकलेल्या पाकळ्या नदीचे पाणी ओढून वर इंजिनाकडे ढकलतात. मोटारीला जसा रेडिएटर असतो तसे इथे काही नाही. नदी हाच रेडिएटर. इंजिन चालू असताना मागच्या बाजूच्या भोकातून पाण्याची जी बारीक धार पडते, ती इम्पेलर जिवंत असल्याची खूण. बोट चालवणाऱ्याने दर काही मिनिटांनी मागे वळून ती धार पाहायची असते. इतके काही चाललेले असते की हेच राहून जाते.

आपल्या नद्यांत इम्पेलर लवकर मरतो, त्याला कारण रेती. वैनगंगेची रेती घरे बांधायला जितकी प्रसिद्ध तितकीच ती या पंपाला वाईट. उथळ पाण्यात पंखा रेती उसळवतो, पंप ती ओढतो, आणि पाकळ्यांबरोबर ज्या धातूच्या वाटीत त्या फिरतात ती वाटीही खरवडली जाते. नुसता इम्पेलर बदलून वाटी तशीच ठेवली तर नवा इम्पेलरही धार देत नाही. दोन्ही पाहायला हवे. वाटीत नख अडेल इतका ओरखडा असेल तर तीही बदलायची. दुसरे मारक कारण पाण्याचे नव्हे, त्याच्या अभावाचे. मोटर चालते का पाहू म्हणून कोरड्या गोदामात ती सुरू करणारे लोक मी पाहिले आहेत. पाणी नसताना रबर धातूवर घासते आणि थोड्याच वेळात करपते. मोटर तपासायची तर खालचा भाग, पाणी ओढायच्या जाळ्या बुडतील इतका, ड्रममध्ये बुडवूनच.

आणि तिसरे कारण मे महिना. चंद्रपूर, ब्रह्मपुरीचा पारा 45 अंश ओलांडतो तेव्हा पत्र्याच्या गोदामात काय होत असेल ते त्या पत्र्याखाली उभे राहिल्याशिवाय कळत नाही. इम्पेलरच्या पाकळ्या आठ महिने एकाच बाजूला वाकलेल्या राहतात आणि तापून तशाच ताठ होतात. जुलैत दोरी ओढली की मोटर झकास सुरू होते, धार मात्र पडत नाही, आणि पाच-दहा मिनिटांत इंजिन तापून बंद. म्हणून आमचा आग्रह आहे की इम्पेलर दर वर्षी पावसाळ्याआधी बदलावा, तो चांगला दिसत असला तरी. जुना फेकू नये, पिशवीत घालून सुटा भाग म्हणून ठेवावा.

तो बदलण्यासाठी लोअर युनिट खाली उतरवावे लागते. चार-सहा बोल्ट आणि गिअरच्या दांड्याचा एक जोड, एवढेच काम. मात्र पुन्हा बसवताना दोन ठिकाणी चुकतात. पहिले: पंपाचे झाकण खाली दाबताना शाफ्ट वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत राहायचे, म्हणजे पाकळ्या योग्य बाजूला वाकतात. दुसरे: उभ्या शाफ्टच्या खाचांना ग्रीस हवे, पण अगदी वरच्या सपाट टोकावर नको. तिथे ग्रीसचा गोळा राहिला तर तो इंजिनाच्या आत दबून बसतो आणि शाफ्ट पुरता वर चढत नाही. मग माणूस बोल्ट आवळून तो चढवू पाहतो आणि काहीतरी तुटते. जुन्या इम्पेलरची एखादी पाकळी गायब असेल तर ती शोधल्याशिवाय उठायचे नाही. ती वरच्या पाण्याच्या वाटेत अडकलेली असते.

धार पडत नाही म्हणून लगेच पंप उघडू नये, हेही सांगितले पाहिजे. गोदामात पडून असलेल्या मोटरीच्या धारेच्या भोकात कुंभारमाशीने मातीचे घर बांधलेले असते. हे इतके नेहमीचे आहे की तपासणीची सुरुवात बारीक तारेने भोक मोकळे करण्यापासूनच व्हावी. पुरात असाल तर खालच्या जाळीत धानाचा पेंढा किंवा प्लास्टिकची पिशवी अडकली आहे का, ते पाहावे.

धानाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. इथला पूर नदीपुरता राहत नाही, तो बांध्यांवर पसरतो. कमरेएवढ्या पाण्याखाली बांध असतो, तारेचे कुंपण असते, तोडलेल्या झाडाचा ठुंठ असतो. अशा ठिकाणी मोटरीचा पाय धक्का बसताच वर उचलला जाईल अशी कडी मोकळी असली पाहिजे, वेग कमी पाहिजे, आणि शक्यतो मोटर वर घेऊन वल्हे किंवा बांबू वापरावा. जुना ढिवर अशा पाण्यात बांबूने खोली मोजत डोंगा नेतो. मोटर आली म्हणून त्याचे ज्ञान जुने झालेले नाही. बोटीत तो पुढे बसलेला असेल तर पंखा वाचतो. लहान मोटरींत पंखा आणि शाफ्ट यांना जोडणारी एक मऊ पिन असते. ती धक्क्याला मोडते आणि गिअर वाचतात. मोडलेल्या पिनच्या जागी खिळा घालू नये. खिळा मोडत नाही, मग गिअर मोडतात.

जस्ताच्या तुकड्याबद्दल थोडक्यात. पाय गंजू नये म्हणून त्यावर एक मऊ धातूचा ठोकळा बसवलेला असतो. गंजायचे काम तो स्वतःवर घेतो. समुद्रासाठी तो जस्ताचा असतो, आणि गोड्या पाण्यात जस्तावर थर धरून तो निकामी होतो. आपल्या नद्यांसाठी मॅग्नेशियमचा योग्य. कुठलाही असो, त्यावर रंग लावायचा नाही. पाहणी होणार म्हणून मोटरीला रंग देताना तोही रंगवून टाकतात.

2018 च्या ऑगस्टात केरळात पूर आला तेव्हा किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी आपल्या बोटी ट्रकवर घालून आतल्या भागात नेल्या आणि हजारो लोकांना काढले. त्यांच्या धाडसाचे कौतुक झाले, ते रास्तच. त्यांच्या मोटरी मात्र आदल्या आठवड्यापर्यंत रोज समुद्रात चालत होत्या आणि त्यांची उघडझाक ते स्वतःच करत होते, ही गोष्ट कौतुकात हरवली. आपल्याकडची मोटर वर्षातले दहा महिने कुलपात असते, किल्ली एका कर्मचाऱ्याकडे असते आणि त्याची बदली झालेली असते. नवी मोटर घ्यायला निविदा निघते, मंजुरी मिळते, हार घातला जातो. इम्पेलर, दोन सीले, कॉटर पिनांची एक पुडी आणि लिटरभर तेल यांची निविदा काढायला कुणाला उत्साह नसतो. म्हणून मोटर घेतानाच तीन वर्षांचे सुटे भाग त्याच मागणीपत्रात लिहून घ्यावेत, ही आमची सूचना तालुक्याच्या अधिकाऱ्यांनी मनावर घ्यावी. आपदा मित्र म्हणून शिकवून तयार केलेली तरुण मुले आहेत, त्यांना पोहायला आणि गाठी मारायला शिकवतात. त्यांच्यातल्या दोघा-तिघांच्या हाती पाना दिला तर बिघडणार नाही.

काय करू नये याची हद्दही आखून दिली आहे. पिनियन काढणे, बेरिंग दाबून बसवणे, गिअरमधली फट पातळ चकत्या घालून जुळवणे ही कामे खास अवजारांशिवाय होत नाहीत. तिथे केसाएवढा फरक पडला तरी पुढच्या मोसमात गिअर एकमेकांना खातात. तेलात कपरे दिसले, शाफ्ट वाकला, पंख्याचा शाफ्ट हाताने हलवल्यावर आत कडकड वाजले, की मोटरीवर चिठ्ठी बांधायची, ती वापरातून बाजूला काढायची आणि नागपूरला पाठवायची. तीही मे महिन्यातच, कारण जुलैत नागपूरच्या कारखान्यात इतरांच्याही मोटरी रांगेत असतात.

पुस्तिकेची भाषा मुद्दाम साधी ठेवली आहे. भागांची नावे मिस्त्री लोक जी वापरतात तीच ठेवली आहेत, कारण सुटा भाग मागवताना दुकानात तीच चालतात. सिरोंचाकडच्या तेलुगू बोलणाऱ्या आणि भामरागडकडच्या माडिया बोलणाऱ्या मुलांना मजकूर जड जाईल म्हणून प्रत्येक कामाची चित्रे क्रमाने दिली आहेत. शेवटी एक कोरा तक्ता आहे. त्यात तारीख, तेलाचा रंग, इम्पेलर कधी बदलला आणि कुणी बदलला एवढेच लिहायचे आहे. तो तक्ता फाडून मोटरीच्या टोपणाच्या आत चिकटवावा, म्हणजे किल्लीवाला बदलला तरी मोटरीची हकीकत मोटरीबरोबर राहते. काढलेले तेल नदीत किंवा नाल्यात ओतू नये. डब्यात भरून जुने ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्यावे.

पहिले प्रकरण तेल बदलण्याचे आहे आणि ते सकाळी करायचे काम आहे. ज्यांना उद्याच सुरुवात करायची असेल त्यांनी आज संध्याकाळी मोटर स्टँडवर सरळ उभी करावी, दहा नंबरचा पाना आणि रुंद तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर शोधून ठेवावा, आणि दोन नवे वायसर दुकान बंद व्हायच्या आत आणून ठेवावेत.